मोहितेकाकांचा रकाना

मोहितेकाका जाऊन दोन वर्षं होऊन गेली, तरी आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेला माणूस खुर्चीत बसला की माझी नजर आधी त्याच्या तळहातावर जाते. मग दातांकडे, मग पायाच्या अंगठ्याकडे. परवा एका बाईंनी विचारलंच, "अहो, रक्त घेताय की मुलगी बघायला आलाय?" मी म्हटलं, "सवय आहे हो. लावणारा गेला, सवय राहिली."

लावणारा म्हणजे सुदाम मोहिते, रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या आमच्या छोट्याशा लॅबचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. मी तिथे लागले तेव्हा माझी दोन्ही मुलं कॉलेजात गेली होती आणि माझं लॅब तंत्रज्ञाचं, डीएमएलटीचं सर्टिफिकेट लग्नापासून कपाटात पडून पिवळं झालं होतं. वाटलं, पहिल्याच दिवशी सुई हातात देतील आणि आपली फजिती होईल. कसलं काय! काका म्हणाले, "बाई, पहिले आठ दिवस सुईला हात लावायचा नाही. नुसते हात बघायचे." मी चिपळूणची. माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई गावभर सांगत फिरायच्या. मी लगेच म्हटलं, "मी काय ज्योतिषी व्हायला आलेय?" त्यावर ते रागावले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले, "ज्योतिषी रेषा बघतो. आपण सूज बघायची."

ती पेन्सिल म्हणजे त्यांच्या अंगाचाच एक भाग. उंच, हाडकुळा माणूस, पांढरा हाफ शर्ट, तोही बिनखिशाचा, मुद्दाम शिवून घेतलेला. खिसा असला की लोक पेन ठेवतात आणि शाईने लिहितात, हे त्यांना मान्य नव्हतं. रजिस्टर अर्थात शाईचंच असायचं, पण स्वतःच्या नोंदी पेन्सिलीने. का, असं मी एकदा विचारलं. "शाईनं लिहिलं की माणूस त्याला चिकटून बसतो बाई. पेन्सिलीचं खोडता येतं. चूक झाली म्हणायला सोपं जातं."

काका मूळचे संगमेश्वरकडचे. त्यांच्या बौद्धवाडीतून सायन्सला गेलेला पहिला मुलगा. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, सुमनकाकूंनी सांगितलं, म्हणजे त्यांच्या बायकोने. बुद्धपौर्णिमेला स्टीलच्या मोठ्या डब्यातून खीर यायची आणि त्या दिवशी रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकाला, उपाशीपोटी आलेल्यालासुद्धा, रक्त काढून झाल्यावर वाटीभर मिळायची. मधुमेहवाल्यांना दोन चमचे. ते चमचे काका स्वतः मोजून वाढायचे, त्या बाबतीत कुणाची गय नाही.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर काका कळायचे नाहीत. अंगात कुठे दाह झाला, जखम चिघळली, हिरडी सुजली, ताप भरला, की रक्तात त्याची खूण उमटते. तपासायच्या रीती दोन. एक जुनी, ईएसआर. बारीक काचेच्या नळीत रक्त भरायचं, स्टँडला ती सरळ उभी करायची आणि बरोबर एक तासाने लाल पेशी किती खाली बसल्या ते वाचायचं. दाह असला की त्या भराभर खाली बसतात. दुसरी सीआरपी. दाह झाला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं, ते मोजायचं. अलीकडे हृदयाचे डॉक्टर यातली बारीक मोजणारी तपासणी मागवतात, एचएस-सीआरपी. ज्याला एकदा झटका येऊन गेलाय, त्याच्या रक्तवाहिन्यांत आतल्या आत काही धुमसतंय का, याचा त्यावरून अंदाज येतो. तीनच्या वर आकडा गेला की डॉक्टर कागद दोनदा वाचतात. पण मेख अशी, की हृदय धुमसलं काय आणि दाढ सुजली काय, रक्तात खूण एकच.

काका म्हणायचे, "रक्त चहाडी करतं, पण नाव सांगत नाही."

म्हणून हात बघायचे. म्हणून प्रत्येकाला तीन प्रश्न : दाढ दुखते? सर्दी-ताप? काटा लागलाय, जखम झाली? आठ दिवस मी तेवढंच केलं आणि नवव्या दिवशी मला सुई मिळाली.

त्यांचं म्हणणं मला खरं पटलं ते दत्ता तांडेलांमुळे. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. हे मिरकरवाड्यातले, धिप्पाड गडी, वर्षभरापूर्वी हृदयाच्या वाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेले. मुलाबरोबर आले, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली, कारण बोट सुटायची होती. काकांनी तिन्ही प्रश्न विचारले. तिन्हीला तांडेलांचं एकच उत्तर, "काय नाय वो. चांगला हाय मी."

"हात दाखवा."

उजवा दाखवला. डावा मांडीखाली तसाच. काकांनी तो ओढून वर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी हा एवढा लालभडक फुगा!

"हे काय?"

"ह्या? शिंगाळ्याचा काटा लागला. चार दिस झाले. ह्याला काय दुखणा म्हणतात?"

शिंगाळा मासा जाळ्यातून सोडवताना त्याचा काटा घुसला तर माणूस कळवळतो. पण बंदरावरच्या माणसाला त्याचं काय? तिथे काटा लागणं म्हणजे आपल्याला घाम येण्यासारखं. प्रश्नात 'काटा' शब्द होता तरी तांडेलांच्या डोक्यात आला तो रानातला काटा, माशाचा नव्हे. काकांनी चिठ्ठी घडी करून परत दिली. "आज रक्त घेणार नाही. आधी हात दवाखान्यात दाखवा. बरा झाला की दोन-तीन आठवड्यांनी या."

मुलगा भडकला. "तुमाला काय करायचाय? लिवलाय ता काढा ना!"

"काढतो की. काढायला मला काय जड आहे?" काका शांतपणे म्हणाले. "आकडा येईल तीस-चाळीस. तू तो मोबाइलवर बघशील, घरी सांगशील. तुझी आई म्हणेल, झालं, ह्यांचं हृदय गेलं. जेवायची नाही बिचारी. आणि पेटलाय कोण? अंगठा."

मुलगा पुटपुटत गेला. तीन आठवड्यांनी बापलेक परत आले, हात बरा, आकडा दोनाच्या आसपास. त्या दिवशी तांडेलांनी पिशवीभर बांगडे आणले आणि कुणाचं लक्ष नसताना रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजशेजारी ठेवून गेले. दुपारपर्यंत लॅबला असा वास सुटला की आमचे मालक डॉक्टर नाकाला रुमाल लावूनच आत आले. काका म्हणाले, "डॉक्टर, हा नमुना मात्र ताजा आहे."

त्यानंतर त्यांनी मालकांकडे हट्ट धरला. सीआरपीच्या रिपोर्टच्या चिठ्ठीवर एक रकाना हवा. दाढ, काटा, सर्दी, जे काही असेल ते तिथे लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरांना कळेल. मालक म्हणाले, "मोहिते, आपण रिपोर्ट देतो, कथा सांगत नाही." काकांनी दुसऱ्या दिवशी शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का बनवून आणला. जांभळी शाई, त्यावर दोनच शब्द आणि पुढे मोकळी रेघ : इतर कारण. प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागे ठक्क करून तो उठायचा आणि रेघेवर पेन्सिलीने काका लिहायचे. कधी 'हिरडी', कधी 'पायाला भेग', कधी 'काही नाही'. महिन्याभरात बाहेरचे डॉक्टर फोन करून विचारायला लागले, "मागचं लिहिलंय का?" मालकांनी मग हरकत घेतली नाही. वर लोकांना सांगायला लागले की आमच्याकडे अशी पद्धत आहे. वा रे वा!

दुसरी गंमत म्हणजे त्यांचा तास. ईएसआरची नळी लावली की स्टँडच्या टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही, दार आपटायचं नाही, त्या कोपऱ्यात पंखा नाही. भिंतीवर पुठ्ठा लटकवायचे : 'तास चालू आहे'. लोक हसायचे, "शाळा आहे काय?" काका म्हणायचे, "हो. बसा, शिकाल काहीतरी." आणि लोक खरंच बसायचे. नळीतलं रक्त खाली बसेपर्यंत माणसंही जराशी खाली बसतात, असं मला तेव्हा वाटायचं. आलेला चिडका माणूस दहा मिनिटांत घरचं सांगायला लागायचा. कुणाची सून, कुणाचा मुंबईचा मुलगा, कुणाचा आंब्याचा मोहोर गळलेला. काका स्टुलावर बसून ऐकायचे, पण नजर घड्याळावर. ऐन कथेत 'तास झाला' म्हणून उठायचे. सांगणाऱ्याला राग यायचा, मला हसू.

मग मशीन आलं. कंपनीचा टायवाला माणूस सांगत होता, सर, तास कशाला, मिनिटांत निकाल. मला वाटलं आता काका भांडणार. पण नाही. पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक नमुना दोन्हीकडे लावला, मशीनमध्ये आणि नळीत, वहीत शेजारी शेजारी लिहिलं आणि सोळाव्या दिवशी म्हणाले, "मशीन बरोबर आहे. वापरा." जुना स्टँड पुसून कपाटावर ठेवला. मी म्हटलं, "काका, इतक्यात हरलात?" तर म्हणाले, "हरायचं काय त्यात? मशीन मोजतं चांगलं. विचारत मात्र नाही. विचारायचं काम आपल्याकडे राहिलं, ते बरंच झालं." पुठ्ठाही काढला नाही. तास नसताना तो तसाच लटकत राहिला.

साळवीबाईंचं एवढं सांगते. निवृत्त शिक्षिका, दापोलीकडच्या, हृदयाची औषधं चालू असलेल्या. रिपोर्टवर साडेचार आकडा, इतर कारण 'काही नाही'. तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी रडतच आल्या. मोबाइलवर काय काय वाचलं होतं कोण जाणे. म्हणाल्या, "मोहिते, माझे दिवस भरले ना?"

काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं. "बाई, बंदरावर बावटा लागतो ना वादळाचा? बावटा लागला म्हणून प्रत्येक होडी बुडते का?"

"नाही."

"पण शहाणा माणूस काय करतो?"

"होडी आत घेतो. बांधून ठेवतो."

"मग झालं तर! हा बावटा आहे. गोळी चुकवू नका, चाला, आणि डॉक्टरांना परत भेटा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हिरड्या काल दाखवल्या नाहीत मला. मिश्री लावता?"

चाळीस वर्षं पोरांना तंबाखू वाईट म्हणून शिकवलेल्या साळवीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. काकांनी कागद मागे फिरवला, 'काही नाही' खोडलं आणि 'हिरड्या' लिहिलं. "आता हे खरं झालं," म्हणाले. साळवीबाईंनी मिश्री सोडली. पुढचा आकडा निम्म्यावर आला, तेव्हा आमच्यासाठी पेढे घेऊन आल्या.

हे सगळं इतक्या बारकाईने सांगतेय ते उगाच नाही. कारण पुढे काकांनी स्वतः जे केलं, ते यातल्या कुणी केलं असतं तर काकांनी त्याला सोडलं नसतं.

काकांना स्वतःला झटका येऊन तोवर पाच वर्षं झाली होती. कोल्हापूरला नेऊन स्प्रिंग बसवली होती. दर काही महिन्यांनी त्यांना एचएस-सीआरपी करून घ्यावी लागायची. पण रक्त मात्र दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे नाहीत. सकाळी मी यायच्या आधी दंडाला रबर बांधायचे, रबराचं एक टोक दातात धरून, आणि स्वतःच स्वतःची शीर शोधायचे. एकदा मी लवकर पोचले तर हा देखावा! मी ओरडले, "काका, मी काय मेले होते?" तोंडात रबर असल्यामुळे त्यांना बोलता येईना. नुसत्या भुवयांनी म्हणाले, काम कर आपलं.

रजिस्टर सांभाळायचं काम माझं. एका उन्हाळ्यात मागची पानं चाळत होते, तर मोहिते हे नाव तीन वेळा दिसलं. पहिला आकडा चारच्या पुढे. तीन महिन्यांनी सहा. आणि आता आठाला टेकलेला. मी काकांची फाइल काढली. चिठ्ठ्यांच्या मागे जांभळा शिक्का, काकांचं अक्षर. पहिल्यावर 'दाढ'. दुसऱ्यावर 'सर्दी'. तिसऱ्यावर 'करवंदीचा काटा'.

मी तिथेच खुर्चीत बसले. काकांसमोर मी रोज आठ तास असायचे. त्यांची दाढ दुखली असती तर मला कळलं नसतं? ह्या माणसाने वर्षभरात एकदा नाक शिंकरलेलं मला आठवत नव्हतं. आणि करवंदीत हा कधी गेला? लॅबमधून घरी, घरातून लॅबमध्ये. इतरांच्या हातावरचा काटा शोधणारा माणूस स्वतःसाठी काटे बनवून लिहीत होता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. "हात दाखवा."

"कशाला?"

"काटा बघायचाय. करवंदीचा."

त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "निघाला तो."

"आणि दाढ?"

"बाई, तुम्ही डॉक्टर नाही."

"तुम्हीपण नाही! तुमच्या डॉक्टरांनी हे तीन कागद बघितलेत का?"

काकांनी पेन्सिल काढली, टोक बघितलं, ठेवली. मग म्हणाले, "दम लागतो थोडा जिना चढताना. वय झालं." आणि उठून आत गेले. जाताना वळून म्हणाले, "ह्या भिंतीबाहेर जाता कामा नये हं. लॅबचा नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. त्यांनीच शिकवलेला. ज्याचं रक्त, त्याचा कागद, तिसऱ्याला कळता कामा नये. नवऱ्याचा रिपोर्ट बायकोलासुद्धा त्याला विचारल्याशिवाय नाही. मी घरी गेले, आमटीत मीठ दोनदा घातलं, नवऱ्याची बोलणी खाल्ली. दोन दिवस नुसती तळमळ. सांगावं तर काकांचा विश्वास जातो, न सांगावं तर काकाच जातात. तिसऱ्या दिवशी दुपारी काका नमुने घेऊन बाहेर गेले तशी मी रिक्षा केली आणि खेडशीला त्यांच्या घरी गेले.

सुमनकाकू पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पण गोळी तर रोज घेतात गं. कोलेस्ट्रॉलची, जेवण झाल्यावर. मी स्वतः पाणी देते. मग इथे पडवीत येऊन चूळ भरतात."

"चूळ कुठे टाकतात?"

काकूंनी अबोलीच्या कुंडीकडे बघितलं. मीपण बघितलं. उठून त्यांनी बोटाने माती उकरली. वरच होत्या, अर्धवट विरघळलेल्या, फिकट गुलाबी. एक नाही, कितीतरी. काकू मातीचे हात तसेच धरून खाली बसल्या. "चाळीस वर्षं संसार केला ह्यांच्याबरोबर," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काका लॅबमध्ये आले ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, आवाज तेव्हाही चढवला नाही. "गोळीनं मांड्या दुखायच्या. उभं राहवत नव्हतं. म्हणून सोडली. सांगणार होतो डॉक्टरांना." मग म्हणाले, "तुम्ही माझं रक्त चव्हाट्यावर मांडलंत बाई."

"रक्त चहाडी करतं, नाव सांगत नाही, तुम्हीच म्हणता ना?" मी म्हटलं. "मग मी सांगितलं नाव. काय करायचं ते करा."

त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि गेले. पुढचं मला काकूंच्या फोनवरून कळत राहिलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासलं. आणखी एक वाहिनी बरीच बुजलेली होती, ती उघडली. गोळी बदलून दिली, आता मांड्या दुखत नव्हत्या. 'वेळेवर आलात' म्हणाले डॉक्टर. काका फोनवर मात्र आले नाहीत. परत रत्नागिरीत आले, पण लॅबमध्ये फिरकले नाहीत. नोकरी सोडत असल्याचं पत्र मालकांना पाठवलं. एकदा बाजारात समोरून येताना दिसले. मला बघून मासळीवालीशी बोलायला वळले. मीपण मुकाट्याने पुढे गेले, आणि घरी जाऊन खूप रडले. जीव वाचला हे खरं, पण माणूस गेला माझा, असं वाटलं.

असे चार महिने गेले. एके सकाळी दार उघडलं आणि काका आत आले. तोच बिनखिशाचा शर्ट, कानावर पेन्सिल, थोडे वाळलेले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मला वाटलं, सवयीने आतल्या खोलीत जाऊन स्वतःच रबर दातात धरतील. पण ते सरळ येऊन पेशंटच्या खुर्चीत बसले, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

मी रबर बांधलं. सुई काढली तसे ते म्हणाले, "थांबा. आधी विचारा ना."

"काय?"

"रीत विसरलात?"

मी सुई खाली ठेवली. "दाढ दुखते?"

"नाही."

"सर्दी-ताप?"

"नाही."

"काटा?"

"नाही हो बाई. खरंच नाही." आणि त्यांनी दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून मला दाखवले. स्वच्छ, सुरकुतलेले हात. मी रक्त घेतलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. वीस-पंचवीस हजार लोकांचं रक्त काढलं असेल त्या माणसाने, पण सुई टोचताना लहान मुलासारखे डोळे गच्च मिटले, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

सीआरपी मशीनला लावलं. मग मला काय वाटलं कोण जाणे, स्टुलावर चढून कपाटावरचा जुना स्टँड काढला, एक नळी भरली आणि उभी केली. काकांनी उठून भिंतीवरचा वाकडा झालेला पुठ्ठा सरळ केला. 'तास चालू आहे'. आणि बसले. म्हणाले, पनवेलला मुलीकडे जातोय, कायमचं. नात झालीय. सुमन आधीच गेली. मग म्हणाले, "माझी फाइल द्या जरा." मी दिली. मध्येच मशीनने आकडा दिला, एक पूर्णांक आठ. मी ओरडूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चौथी चिठ्ठीपण मागून घेतली, स्वतःच मागे शिक्का मारला. खोडरबराचा आवाज येत होता. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

"तास झाला," म्हणाले. उठून नळी वाचली. "अठरा. ठीक आहे." फाइल बंद करून माझ्या टेबलावर ठेवली. "येतो बाई." आणि गेले.

फाइल उघडली. तिन्ही जुन्या चिठ्ठ्यांवर दाढ, सर्दी, काटा खोडलेलं. कागद जरा खरवडलेला. पहिल्यावर लिहिलं होतं, इतर कारण : भीती. दुसऱ्यावर, भीती. तिसऱ्यावर, भीती. आणि त्या दिवसाच्या चिठ्ठीवर, जिथे आकडा उतरला होता, इतर कारण : बाईंनी केलेली चहाडी.

मी तशीच चपला न घालता जिना उतरले. काका नाक्यावर रिक्षात बसले होते, पण रिक्षा जागची हललेली नव्हती. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काकांनी रिक्षावाल्याचा हात मनगटाला धरून मागे ओढला होता आणि उन्हाकडे धरून त्याचा तळवा निरखत होते.

"काय झालंय इथे?" मला ऐकू आलं.

"काय नाय वो काका," तो म्हणाला, "काटा लागलाय. करवंदीचा."

काका मोठ्यांदा हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी हाक मारणार होते, पण रिक्षा सुटली. त्यानंतर काका मला दिसले नाहीत. पनवेलला गेल्यावरही त्यांना चांगली वर्षं मिळाली, नातीला शाळेत सोडायला तेच जायचे. एके दिवशी मुलीचा फोन आला की बाबा झोपेतच गेले. हृदयानं गेले की आणखी कशानं, मी विचारलं नाही. तो शिक्का माझ्या खणात आहे, आणि आजही प्रत्येक चिठ्ठीमागे मी तो मारते, आणि पेन्सिलीनेच लिहिते.